डावीकडून तिसरा

आमच्या तांडापेठेतल्या घरात देव पूर्वेला होते
आणि तो दक्षिणेला, मागाच्या खड्ड्यावर.
मिशीवाला, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला.
मे महिन्यात पारा सेहेचाळिसावर गेला
तरी त्याला घाम नाही.
आई म्हणायची, बर्फातला आहे बिचारा,
एखाद्या दिवशी ओघळून येईल कापडावर.

बाबा त्याचं नाव घेत नसत. 'म्हातारा' म्हणत,
घरातल्याच माणसाला म्हणावं तसं.
म्हातारा असता तर मिल बंद पडली नसती.
म्हातारा असता तर मालकाची टाप नव्हती.
आम्ही पोट्टे भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायचो,
म्हातारा असता तर!

तिकडून मासिक यायचं, गुळगुळीत कागदाचं.
वाचून झालं की आमच्या वह्यांना कव्हर.
माझ्या भूगोलावर गव्हाचं शेत होतं
आणि एक हसणारी बाई, काखेत पेंढी.
त्या गव्हाच्या देशात गव्हावाचून किती मेले
हे भूगोलात नव्हतं.
कव्हरवर तर नव्हतंच.

सातवीत मी दोन अंक शेजारी ठेवले,
एक माझ्या जन्माआधीचा.
तोच नदीकाठ, तोच कठडा, तोच म्हातारा.
एकात चौघं. दुसऱ्यात तिघं.
चौथ्याच्या जागी पाणी.

बाबांनी फोटो डोळ्यांपाशी नेला, जसं कापड नेत.
ताण्यातला एक धागा तुटला
तर माग थांबायच्या आधी ओळखणारा माणूस.
बराच वेळ बघत राहिले.
"छपाईची चूक असन," म्हणाले.
त्या रात्री धोटा हलला नाही.

पुढे तो देशच उरला नाही.
बाबांनी फोटो उतरवला नाही;
दिवाळीला चुना मारताना त्याच्या भोवतीनं मारला.
शेवटी वाळवीनं निकाल लावला.
मिशी आधी गेली.

परवा ट्रंकेत युनियनचा फोटो सापडला.
मिलचं फाटक, बारा जण, खाली पट्टीवर नावं,
बाबांच्या अक्षरात, रांगोळीसारखी.
डावीकडून तिसऱ्या नावावर निळी शाई.
आपल्याकडे कुठले आले तसले कारागीर,
माणूस पुसून नदी भरणारे?
चेहरा राहिला. नाव तेवढं बुडवलं.

"हा कोण?"
"होता जी एक."
"काय केलं त्यानं?"
बाबांनी पांघरूण ओढलं, भर उन्हाळ्यात.
"इचारलं."
"काय इचारलं?"
"थो चौथा कुठं गेला म्हून.
तुह्या आधी. सात-आठ वर्षं आधी."

मी विचारत विचारत गेले नाईक तलावाच्या मागं.
कोणी सांगेना, मग एका न्हाव्यानं सांगितलं.
दार त्याच्या मुलीनं उघडलं, साठीची असेल.
स्टीलच्या गिलासात पाणी दिलं, नाव विचारलं नाही.
भिंतीवर तोच फोटो.
डोमा बारापात्रे, डावीकडून तिसरा.
आणि चौथं, बाबांचं नाव.
स्वच्छ.
चाळीस-पन्नास वर्षं त्या घरात दौत होती,
कोणी बोट बुडवलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत.
संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते मी,
तर हाक आली: पेन आण.
शाईवर शाई चढेना. हात थरथरला.
"मांगं लिही," म्हणाले.

मी फोटो पालथा घालून नाव लिहिलं,
बॉलपेन सुकलेलं, दाबून दाबून.
उलटवला तर त्या माणसाच्या छातीवर
अक्षरं वर आली होती, आरशातली, उलटी.
बाबांना मोतीबिंदू आहे, दिसत नाही.
त्यांनी अंगठा फिरवला,
ताणा तपासतात तसा,
पहिल्यापासून,
आणि मध्येच थांबले.
"बारापात्रेतला 'त्रे' नीट नाही लागून राहिला," म्हणाले.
"पुन्हा लिही."