गाळणी

सोनं गाळणं म्हणजे काय, ते मला विचारा.
एकतीस वर्षं सेलमला, बाजारामागच्या बोळात,
मूस, कोळसा, सवागी, तेजाब.
विट्याचा माणूस मुलखात कुठंही या वासावरनं ओळखावा.
घसा तिथंच राहिला.
परत आलो तो हा खरकागद घेऊन.
टपरीवर सुपारी मागितली तरी पोरं वळून बघतात.

म्हणून मोर्स बरा वाटला.
डिट आणि डा, एवढीच बाराखडी,
घसा कुणाला दाखवावा लागत नाही.
पार्सलातनं सुटे भाग आले होते,
डाळीएवढे कपॅसिटर, तांब्याची तार,
कड्यांवर बावीस-बावीस वेढे.
गुंजेला सरावलेला हात, एकही चुकला नाही.
सहा वर्षं त्या यंत्राला दोनच गोष्टी ठाऊक होत्या:
आहे.
नाही.

बोलायला ते पुरत नाही.
बोलायला आहे-नाहीच्या मधलं सगळं लागतं,
म्हणून शेवटच्या ट्रान्झिस्टरला थोडा करंट कायमचा दिला,
राखणीच्या कुत्र्यासारखा, झोपेतही एक कान उभा.
पहिला जळला. दुसऱ्यानं बोट भाजलं.
तिसऱ्याच्या पाठीला अफजल मुजावरनं
मोबाईलच्या दुकानातनं आणून पत्र्याचा तुकडा बांधला.
माईक जुन्या टेपरेकॉर्डरचा काढला.
"ह्याच्यातच क्यासेट भरून पाठवायचा तिकडनं," मालन म्हणाली,
"निम्मी क्यासेट नुसता हिशोब."

मग चाळीसातनं दोन डायोड निवडले, जुळे,
काट्याच्या दोन पारड्यांत ठेवावेत तसे,
आणि स्क्रू फिरवत गेलो, केसाकेसानं,
वाहक लहर मरेपर्यंत.
तीच आवाजाला खांद्यावर घेते
आणि शेवटी तिलाच खाली ठेवून पुढं जायचं.
उरतात आवाजाच्या दोन सावल्या,
एक सुलटी, एक उलटी.
चाळीस मीटरवर रीत अशी की सुलटी गाळायची, उलटी पाठवायची.
का, ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही.
नखाएवढे चार क्रिस्टल ओळीनं बसवले, झाली गाळणी.
गाळायचं! इथं मी हातातली डाखणी खाली ठेवून हसलो.
जाळावर जे केलं जन्मभर
ते आता मोटरसायकलच्या बॅटरीवर चाललं होतं.

अँटेनाच्या जागी आधी सायकलचा बल्ब जोडला.
मी म्हटलं, हॅलो. तो नुसता लाजला.
"आ" म्हटल्यावर तांबूस झाला,
"स" म्हटलं तर काहीच नाही.
मालननं माईक ओढून घेतला,
"अवो, भाकरी गार व्हायल्यात!"
आणि लख्ख.
लायसन माझ्या नावावर,
घसा तिच्याकडं.

आमच्या गल्लीत यंत्रमाग दिवसरात्र,
ती खटखट तारेतनं येते, भिंतीतनं येते,
दाढेतनंसुद्धा येते.
पावणेआठला लाईट गेली.
गल्ली एकदम बहिरी झाली
आणि बँड उघडला, झाकण काढलेल्या विहिरीसारखा.
टाकीपासून शेवग्यापर्यंत तार होतीच.
हाकेचं नाव तीनदा घेतलं,
पहिल्यांदाच तोंडानं.
उजव्या हाताला हे कळलं नव्हतं,
तो टेबलावर ठोकतच होता.

उत्तर आलं. सेलम नव्हे, धर्मपुरी,
म्हणजे बसनं तास-दीड तास.
सिग्नल चांगलाय, तो म्हणाला, पण आवाजात खरखर आहे,
गाळणी तपासा, एखादा जोड कच्चा असेल.

त्याच्या भाषेतले शब्द जेवढे उरले होते तेवढे गोळा केले:
जोड सगळे पक्के आहेत.
खरखर तुमच्याच मुलखातली.

तो गप्प.
मग हळू विचारलं, "पट्टरै?"
भट्टीवर होतात का, असं.
"आमा," मी म्हटलं. हो.

त्यावर तो बराच वेळ बोलला,
गल्लीचं नाव विचारत होता बहुतेक, नाहीतर शेटजीचं.
लाईट आली.

वहीत लिहिलं: तारीख, वेळ, धर्मपुरी,
नाव सेल्व,
पुढचं मागांनी खाल्लं.