चरण

छंद शिकवायचा होता, पण राग्नहिल्डबाई
फळ्याकडे गेल्याच नाहीत.
म्हणाल्या, बूट चढवा.
तबेल्यात तिन्ना उभी. तिन्ना म्हणजे गारगोटी.

डोळे मिटा. मोजा.
चार खूर, चार ठोके, सगळे सुटे,
एकही दुसऱ्यावर पडत नाही.
बाई वर बसलेल्या, हातात काठोकाठ कॉफी.
थेंब सांडला की ओळ मोडली, म्हणाल्या.
सिंद्री खिदळला : बाई, तुमच्या कोटावर
अख्खं कडवं सांडलंय.

इतिहासालाही तिन्नाच.
तिची आई, आईची आई, असं मागे जात जात
त्या वर्षापर्यंत, जेव्हा जमीन फाटली,
कुरणांवर राख बसली
आणि गवत खाऊन जनावरं मेली.
एक शिंगरू उरलं.
त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.
बाईंनी वहीत तेवढी जागा कोरी सोडायला लावली.

मे महिन्यात तिन्ना विकली. विमानाने, जर्मनीला.
आमच्याकडे कायदाच आहे :
बेट सोडलेला घोडा परत येत नाही.
का? एल्वाने विचारलं.
बाहेरचा रोग येतो म्हणून.
आणि माणसं? तिचे बाबा नॉर्वेला होते,
तिसरा हिवाळा.
बाई खरारा हातात धरून उभ्या राहिल्या.
कुणीच बोललं नाही.
मग म्हणाल्या, याला यती म्हणतात,
पण तो धडा पुढच्या आठवड्यात.

मी आता विनिपेगला असतो.
बर्फातून कामावर जाताना
अजून चार ठोके मोजतो.
पाय दोनच.