वेअर ऑफ

नंदुरबार, स्टेशनच्या मागे, संध्याकाळचा वर्ग.
पत्र्याखाली अठरा जण, कुणी पोलीस भरतीचे, कुणी तलाठ्याचे,
एक ट्यूबलाइट, अधूनमधून डोळा मारणारी.

फळ्यावर लिहिलं: वेअर ऑफ.
वेअर म्हणजे अंगात घालणं, हे सगळ्यांना पाठ.
ऑफ म्हणजे बंद.
"मग सर, कपडे काढणं?"
हशा.
नाही रे. हळूहळू उतरणं. आपोआप.
दाढ काढल्यावर भूल उतरते तसं.
भांड्याची कल्हई जाते,
नव्या बुटांचा तोरा जातो,
पहिल्या पगाराचा दहा तारखेला.
आपल्याकडे ताप उतरतो, रंग उडतो, पूर ओसरतो, लुगडं विटतं;
त्यांना दोन आखूड शब्दांत भागवता येतं.
आणि कर्ता सांभाळा, म्हटलं.
माणूस वेअर ऑफ होत नाही,
त्याच्यावर चढलेलं काहीतरी होतं.

करा वाक्य.

चित्रा भोई उठली. मागचा बाक.
आईबरोबर मिरचीच्या पथारीवर देठ खुडते,
किलोवर पैसे.
वहीतून वाचलं तिनं, इंग्रजीत,
ओल्या फरशीवर पाय टाकावा तसा एकेक शब्द:
हातांची आग रात्री दोनला उतरते.
सकाळी आठला आम्ही परत जातो.

चूक शोधली. नव्हती.
सरांनी काहीतरी विचारायचं असतं म्हणून विचारलं,
"दुसऱ्या वाक्यात कुठंय वेअर ऑफ?"
"त्यात नाही सर. त्यात काही उतरत नाही."
मग, खाली बसता बसता,
"माय म्हणते, ताकमा हात ठेव, जाई आग.
ताक रोज कुठून आणायचं?"

मी इथं बावीस वर्षं.
पहिल्या हिवाळ्यात खोकून खोकून बरगड्या दुखल्या होत्या,
घरमालक हसायचा.
आता पाहुणे ठसकतात
तेव्हा कळतं, हवेत काही आहे.
हे उदाहरण मी वर्गात देत नाही.

वह्या घरी आणल्या.
तिच्या पानाच्या कडेला अंगठ्याएवढा लालसर डाग.
बरोबरची खूण केली, पान उलटलं,
आणि सवयीनं चष्मा काढून
डोळा चोळला.

मोरीत नळ सोडून उभा आहे.
पाणी मारतोय.
घड्याळात साडेअकरा.