अळणी

नर्सने दिलेला कागद फ्रिजवर आहे, माशाच्या चुंबकाखाली.
एका वेळी एकच नवा पदार्थ. तीन दिवस वाट पाहा.
मीठ नको. मध नको. घाई नको.
'घाई नको'च्या खाली तिने पेनाने रेघ ओढली होती,
माझ्याकडे बघत.

जानेवारीचा दुसरा आठवडा. वार्डोत सूर्य अजून यायचाय.
बाराच्या सुमाराला खिडकी निळी होते, दोनला पुन्हा काळी,
आणि तेवढ्या निळ्या वेळात मी बसतो
तुझ्यासमोर, तूरा, बुटक्या स्टुलावर, गुडघे पोटाशी घेऊन.
पिवळा सलगम. उकडलेला, कुस्करलेला, चाळणीतून काढलेला,
नखाएवढा, चमच्याच्या टोकावर.

पहिला चमचा तू जिभेनं बाहेर ढकललास.
दुसराही.
तिसरा भुवईवर गेला, त्यात चूक माझी.
चौथ्याला तू मान अशी फिरवलीस
जशी तुझी आई फिरवते, मी बोटीच्या हप्त्यांचा विषय काढला की.
पाचव्याच्या वेळी ओव्हनच्या काचेत मला मीच दिसलो:
चमचा तुझ्यापुढे, आणि आ मी वासलेला.
एवढा थोरला बाप्या, दाढीला सलगम,
कुणीतरी येऊन आपल्यालाच भरवेल अशा आशेनं बसलेला.

तेवढ्यात आर्विड आला. माझा बाप.
बूट न काढता आत, वाटीत बोट, बोट तोंडात.
"अळणी आहे."
मीठ चालत नाही, मी म्हटलं, वर्षभर.
"वर्षभर," तो म्हणाला,
चाळीस वर्षं कॉड खारवलेला माणूस,
ज्याचे शर्ट आई वेगळे धुवायची.
मला त्यानं कधी भरवलं होतं का, माहीत नाही.
विचारावं असं आमचं घर नव्हतं.

"आण इकडे."

त्याचा उजवा हात थरथरतो, दोन वर्षं झाली.
कॉफी तो अर्धाच कप घेतो,
का ते आम्ही कुणी बोलत नाही.
चमचा निघाला आणि वाटेतच डुगडुगू लागला,
वर, खाली, तुझ्या कानाकडे, परत,
निम्मा सलगम टेबलावर.
मी हात पुढे केला, मागे घेतला.
तू बघत होतीस. आधी डोळे चमच्यामागे, मग मान,
मग कमरेपासून सगळी तू.
थरथर तुला खेळ वाटला.
हसलीस,
आणि हसायचं तर तोंड उघडावं लागतं.

गेलं आत.
गिळलंस. कुणी वाईट बातमी सांगावी तसा चेहरा केलास,
आणि मग दोन्ही पंजे आपटलेस टेबलावर: अजून.
सहा चमचे. मोजले मी. तो मोजत नव्हता,
त्याचाही आ वासलेला होता, खालच्या दातांशिवाय.
जाताना दारात म्हणाला,
"तरी अळणीच आहे."

नंतर केव्हातरी, काळोखात,
तुझ्या आईचा फोन आला बोटीवरून.
तुटक आवाज, मागे इंजिन,
डेकवर खेकड्यांचे पिंजरे आदळताहेत.
"खाल्लं का तिनं?"

मी उत्तराला जरा वेळ लावला.
मला दिसत होतं, तिथे पलीकडे,
रबरी कोटाच्या टोपीखाली
रान्हिलचं तोंड उघडं.