उजवीकडची सीट

इचलकरंजीहून शिरगुप्पेशेठ आले, सोबत एक पोरगा,
हातात चुंबक घेऊन.
पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवून बघत होता
लोखंड किती, लांबी किती.
बघ बाबा. दारांच्या खालच्या कडा सोडल्या
तर सगळी अस्सल आहे, अडुसष्टची पॉन्टिअ‍ॅक.
इसाकमामूनं कुवेतहून आणली
आणि हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात सोळा वर्षं
फाटक्या जाळ्यांखाली ठेवली.
मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची.

मी ट्रॉलरची इंजिनं बांधणारा माणूस.
आठ सिलिंडर उघडले तेव्हा आतून वाळू निघाली.
अकरा वर्षं लागली.

पोरगा गाडीखाली शिरला, नाक धरून बाहेर आला.
"कसला वास ओ?"
मुशीचं तेल. होड्यांना लावतात तेच,
चासीला दर पावसाआधी दोन हात.
इचलकरंजीत गरज नाही पडायची.

"अ‍ॅव्हरेज?" शेठनी विचारलं,
आणि आपणच हसले.

मग सांगितलं, स्टिअरिंग डावीकडे आहे.
एस.टी.च्या मागे अडकलात
तर तुम्हाला तिचा मागचा पत्रा दिसणार फक्त.
पुढचा रस्ता उजवीकडच्या सीटला दिसतो.
तिथं भरवशाचं माणूस लागतं.

साबेरा बसायची.
आसूदच्या वळणांवर ओढणी दातात धरून
अर्धी खिडकीबाहेर:
"थांब... थांब... टँकर आहे... हां, काढ!"
त्या "काढ"वर मी चौथ्यातून तिसरा टाकायचो,
बागेतले गडी कोयते थांबवून बघायचे.
बावीस वर्षांत तिचं दुसरं काही
मी इतक्या मुकाट्यानं ऐकलं नसेल.

"विकताय कशाला?"
म्हटलं, पेट्रोल परवडत नाही.
तेही खरंच आहे.
काचबिंदू हा शब्द मी काढला नाही.
फेब्रुवारीत तिनं "काढ" म्हटलं
आणि समोर बैलगाडी होती.
घरापर्यंत दोघंही बोललो नाही.
चूल पेटवताना पाठमोरी म्हणाली,
"गिऱ्हाईक बघ."

पैसे झाले. ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी लागला.
डावीकडे बसून पोरग्याला अंदाज येईना,
फळ्या एवढ्याशा रुंद.
साबेरा ओट्यावरून उतरली,
भिंतीला हात लावत आली,
उजव्या दारावर तळवा ठेवून चालू लागली गाडीसोबत:
"ये... ये... ये...
बस."

चाक फळीच्या अगदी काठावर होतं.
पण फळीवर होतं.