बाटलीतले बुडबुडे

सकाळी सहाला आलॉइझ बाटलीत फुंकतो.
दुधाची रिकामी बाटली, तळाशी सहा बोटं पाणी,
माशांच्या दुकानातून आणलेली रबरी नळी.
नाकानं आत,
ओठांच्या चंबूतून बाहेर,
जोर नाही, घाई नाही,
चमच्यातलं सूप निववावं तसं.
बुडबुडबुड.
मी कॉफी ढवळता ढवळता मोजते.
दहा झाले की तो दम खातो.
मग पुन्हा दहा.

एकोणतीस वर्षं हा माणूस बितॉमच्या खाणीत उतरला.
वर यायचा तेव्हा काजळ घातल्यासारखे डोळे,
आणि रुमालावर खोकल्याची शाई.
मी रुमाल उकळायचे.
डाग जायचा. वाटायचं, गेला.
छातीच्या फोटोत कोळसा पांढरा दिसतो,
हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर वालोश्चिक आमच्या धाकटीच्या वयाची.
म्हणाली, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखू.
सिगारेट बंद. यानं मान हलवली.
रोज चाला, सोबत्याशी बोलता येईल इतपतच भरभर. बरं.
पानगळीआधी फ्लूची लस. बरं.
केर कोरडा काढू नका, ओलं फडकं फिरवा.
यानं माझ्याकडे पाहिलं.
आणि कबुतरं कुणाला तरी देऊन टाका,
पिसांची धूळ तुम्हाला सोसायची नाही.

तेव्हा कळलं,
बसल्या खुर्चीत, एक पाऊलही न चालता
माणसाला दम लागू शकतो.

सिगारेट सुटायला चार हिवाळे गेले.
न्हाणीघरात लपून ओढायचा,
वर पुदिन्याची गोळी चघळत बाहेर यायचा, चोर.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
याची गेली,
आणि जिता आहे.

कबुतरं मात्र एका रविवारात गेली.
भाचा आखिम रिबनिकहून खोकी घेऊन आला.
बावीस.
आलॉइझ अंगणात उभा राहिला, माळ्याची शिडी चढला नाही.
नंतर तोंडाला पट्टी बांधून मीच माळा धुतला,
पाणी शिंपडून, कोपरा न् कोपरा.
तो खालून विचारत राहिला,
तिसऱ्या खणातलं गवतही काढलंस का?
काढलं.

जानेवारीत आमच्या लाल विटांच्या चाळींवर
धूर झोपून राहतो, उठतच नाही.
रेडिओवर हवेचा आकडा सांगतात.
आकडा वाईट असला की आम्ही खिडक्या लावून
जिन्यातच चालतो, कठडा धरून,
मधल्या वळणावर थांबतो, तो छतातल्या चिरा बघतो.
खालचा गिंटर जुनं कपाट जाळत होता, रंगासकट.
मी त्याला वाळक्या बर्चचं अर्धं पोतं नेऊन दिलं.
त्यानं बर्च घेतला.
कपाटही जाळलं.

मग फेब्रुवारीत, एका वाऱ्याच्या दुपारी
खिडकीच्या पट्टीवर राखाडी मादी,
डाव्या पायात आमचीच कडी.
एवढं अंतर कापून आली होती, आणि धापसुद्धा नव्हती.
आलॉइझचा हात कडीकडे गेला.
दम धर, मी म्हटलं.
त्यानं धरला.
आखिमला फोन केला. तो म्हणाला, रविवारी नेतो.

मधे चार दिवस होते.
ती काचेबाहेर, हा काचेआत.
दाणे मी बाहेरच ठेवायचे, मग हात धुवायचे,
आणि तो मला रागवायचा, मका नको, वाटाणे दे.

शनिवारी सहाला त्यानं बाटली घेतली.
बुडबुडबुड.
बाहेर तिनं मान फुगवली,
घुम घुम, नेमकी त्याच सुरात.
तो थांबला. ऐकलं.
पुन्हा फुंकर घातली, या वेळी जरा लांब.
पुन्हा तिचं उत्तर.

माझी कॉफी थंड झाली होती.
तो म्हणाला, ट्रुडा, किती झाले?
मी म्हटलं, सात,
झाले होते चौदा.