गाली

सकाळी सव्वासातला मागचं चाक बसलेलं.
रात्री उभी केली तेव्हा ठणठणीत होती सायकल,
आता रिम फरशीला टेकलेली.
कॅरिअरवर हजार विड्यांचं टोपलं बांधून झालेलं,
दहाच्या आत कारखान्यात पोचलं नाही
तर चेकर डोळे बारीक करतो
आणि छाटाचा ढीग वाढत जातो.

नीलमनगरच्या कोपऱ्यावर मोद्दीनचाचाचं दुकान.
शटरवर खडूनं: लग्नाला गुलबर्ग्याला, सोमवारी येतो.
खाली हवेचा दर. तो पुसायचा राहिलेला.

मग पलंगाखालचा पंप काढला,
तुमचा. पाय ठेवायची पट्टी तेवढी चकचकीत.
क्लिप लावली, दांडा दाबला,
शंभर मोजले. शिरीषानंही मोजले, तिचे एकशे चार.
चाक तसंच,
आमटीत बुडवलेल्या कडक भाकरीगत.

फोन लावला भिवंडीला.
मागं माग, चोवीसच्या चोवीस, खडाखडा.
तुम्ही ओरडलात, काय?
मी ओरडले, गाली पोयिंदी!
शेजारच्या मुमताजआपा दारातून हसल्या,
एवढ्या सकाळी नवऱ्याला गाली देते म्हणून.
त्यांना किती वेळा सांगितलं,
आमच्या घरात गाली म्हणजे हवा.

तुम्ही विचारलंत,
दांडा दाबला की उसळून वर येतो का?
नाही.
जड लागतो?
नाही, ताकात रवी घातल्यागत जातो.
मग चाकाला बोल लावू नको, म्हणालात,
चूक पंपात आहे. टोपी उघड. चमड्याचा वायसर बघ.
पुढं फोन तुटला, की सुपरवायझर आला,
ते मागांच्या आवाजात कळत नाही.

पकडीनं टोपी फिरवली. दोनदा घसरली, एकदा बोट सोललं.
वायसर निघाला, वाळून खारकेसारखा,
काठ आत मुडपलेला.
इथलं ऊन पलंगाखालीसुद्धा जातं.
चटणीसाठी राखलेलं शेंगतेल होतं,
वाटीत दोन चमचे. त्यात बुडवून ठेवला.
दहा मिनिटं घड्याळाकडं बघितलं नाही.
मग अंगठ्यानं काठ बाहेर फिरवत गेले,
विडीचं तोंड दुमडतो, त्याच्या उलट.

आता दांड्यानं तळहाताला ढुशी मारली.
पंधरा. वीस. चाक उठलं.
टोपलं सरळ करते न करते तोच, सुस्स.
शिरीषा म्हणाली, थुंकी लाव.
वॉलच्या तोंडावर बुडबुडा. फुगला, फुटला, परत.
आतली वाल ट्यूब चिरलेली, नखाएवढी.

तुमच्या पत्र्याच्या डबीत,
गंजक्या नटांच्या खाली,
वीतभर नवी ट्यूब होती, कागदात गुंडाळून.
कधी आणून ठेवलीत?
गणपतीत? का त्याच्याही आधी,
जायचं ठरवलं होतं
पण मला सांगितलं नव्हतं, तेव्हा?

बोटभर कापली, ओली करून पिनेवर चढवली.
रोज हजार दोरे बांधणाऱ्या हाताला
ते काही फार नाही.

पावणेअकराला पोचले.
चेकरनं एकशे साठ काढल्या, मी काही बोलले नाही.
येताना अशोक चौकात उगाच उतरून
चाक दाबून बघितलं. दगड.
पुन्हा बघितलं.

रात्री तुमचा फोन. माग बंद होते.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा
दोन शब्दांमधली तुमची धाप ऐकू आली.
वायसरच होता ना? म्हणालात.
वायसरच, मी म्हणाले.
वाल ट्यूबचं सांगितलं नाही. डबीचंही.

तेलाची वाटी झाकून ठेवलीय.
काळी झालीय थोडी.
रविवारी चटणीला दुसरं आणावं लागेल.